सीमारेषेबाहेरची नोकरी: न खेळता खेळाच्या क्षेत्रात शिरायचं कसं

मी काम केलेली पहिली फायनल मी पाहिलेली नाही. ड्रेसिंग रूमच्या बाहेरच्या बोळात, हातात यादी आणि पेन घेऊन मी उभा होतो. कुणाचं कार्ड आत चालतं आणि कुणाचं नाही, एवढंच बघायचं काम. शेवटच्या मिनिटांत भिंतीपलीकडून एकच कल्लोळ उठला. कोण जिंकलं हे मला कळलं ते दहा मिनिटांनी, हरलेल्या टीमचा किट मॅनेजर मान खाली घालून बॅगा ओढत माझ्यासमोरून गेला तेव्हा.

हे वाचून ‘अरेरे’ वाटलं असेल तर तिकीट काढा आणि मजेत मॅच बघा, त्यात कमीपणा काहीच नाही. पण ‘कार्ड नसलेला माणूस आत घुसायला लागला तर त्याला अडवायचं कसं?’ असा प्रश्न डोक्यात आला असेल, तर पुढचं तुमच्यासाठी लिहिलं आहे.

आधी मैदानाकडे पाठ करा

पुढच्या वेळी कुठल्याही सामन्याला जाल, अगदी शाळेच्या मैदानावरच्या सामन्याला, तेव्हा दोन तास आधी जा आणि सोबत वही घ्या. खेळाडू सोडून बाकी कोण काय करतंय तेवढंच टिपा. कुणीतरी चुन्याच्या रेषा मारत असतं. कुणी पाण्याचे क्रेट मोजतं. कॅमेऱ्याची केबल कुठून न्यायची यावरून दोघांची जुंपलेली असते. प्रायोजकाचा फलक उलटा लागलाय हे एकाच्याच लक्षात येतं आणि तो पळत सुटतो. अँब्युलन्सच्या वाटेत कुणीतरी गाडी लावून ठेवलेली असते आणि ती हलवून घेणारा माणूस वेगळाच असतो.

अशी वीस कामं लिहून काढा. मग प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहा: या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कोणता, आणि तो मी पाच वर्षं करू शकेन का? आवडता भाग शोधू नका, तो सगळ्यांनाच आवडतो. व्हिडिओ अ‍ॅनालिस्टचं काम म्हणजे कोचबरोबर डावपेच आखणं असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात त्याचा बहुतेक वेळ एकाच मॅचची फीत पुढे-मागे करून हजार-दीड हजार नोंदी करण्यात जातो. नोंदी करताना तुमचा वेळ बरा जात असेल, तर तुम्ही त्या कामाचे.

दारं किती आणि कुलूप कुठल्यांना

खेळाच्या क्षेत्रातली कामं मी दोन ढिगांत टाकतो. पहिल्या ढिगात पदवी किंवा परवान्याशिवाय आत येताच येत नाही अशी कामं: डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, वकील. इथे आडवाट शोधू नका. आधी मूळ व्यवसाय नीट शिका, मग खेळाकडे वळा. उत्तम फिजिओला खेळ शिकवता येतो, खेळवेड्याला फिजिओथेरपी मॅचच्या दिवशी शिकवता येत नाही.

खेळाडूंचे करार करणारे एजंट पूर्वी पहिल्या ढिगात होते, मग बाहेर गेले, आता फुटबॉलपुरते परत आत आले आहेत. फिफाने 2015 मध्ये एजंटांना परवाने देणं सोडलं होतं. 2023 पासून परीक्षा आणि परवाना पुन्हा आला. एजंट व्हायचं असेल तर त्या त्या खेळाच्या संघटनेचे चालू नियम आधी वाचा, जुन्या लेखांवर विसंबू नका.

दुसरा ढीग मोठा आहे. स्पर्धेचं आयोजन, मैदान आणि खेळपट्टीची निगा, स्कोअरिंग, डेटा आणि व्हिडिओ, तिकीटविक्री, प्रायोजकत्व, प्रसारण, बातम्या आणि सोशल मीडिया, टीमचा प्रवास आणि सामान, उत्तेजक द्रव्यांची चाचणी. इथे पदवीनं मदत होते, पण दार उघडतं ते करून दाखवलेल्या कामानं.

या दुसऱ्या ढिगाला दुय्यम समजू नका. खेळाचे नियमही मैदानाबाहेरच्या माणसांनी बदलले आहेत. 22 नोव्हेंबर 1950 रोजी एनबीएत फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला 19-18 असं हरवलं. हा बास्केटबॉलचा स्कोअर आहे, बरं का. पिस्टन्सने चेंडू नुसता धरून ठेवला आणि प्रेक्षक जांभया देत बसले. यावर उपाय निघाला तो सिराक्यूज नॅशनल्सचा मालक डॅनी बियासोन आणि त्याचा जनरल मॅनेजर लिओ फेरिस यांच्याकडून. बियासोनचा धंदा बोलिंग अ‍ॅलीचा. हिशेब साधा होता: रंगलेल्या मॅचमध्ये दोन्ही टीम मिळून साधारण 120 वेळा बास्केटकडे चेंडू टाकतात, मॅच 48 मिनिटांची म्हणजे 2880 सेकंदांची, भागाकार 24. चेंडू हातात आला की 24 सेकंदांत तो बास्केटकडे टाकायचाच, असा हा शॉट क्लॉक 1954 मध्ये आला आणि आजही चालू आहे.

क्रिकेटचंही तेच. 1992 च्या वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेला 13 चेंडूंत 22 धावा हव्या होत्या. पाऊस आला, आणि खेळ परत सुरू झाला तेव्हा चेंडू उरला एक. पावसात गेलेल्या चेंडूंचा हिशेब कसा लावायचा, हा प्रश्न सोडवला फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी. त्यांची पद्धत पहिल्यांदा 1 जानेवारी 1997 रोजी झिम्बाब्वे-इंग्लंड सामन्यात लागू झाली.

तुम्हाला आधीच जे येतं ते घेऊन या

नवखे लोक इथे सगळ्यात मोठी चूक करतात: हातातलं काम सोडून, पाटी कोरी करून ‘स्पोर्ट्स’मध्ये यायला निघतात. अहो, क्लबला हिशेबनीस लागतोच. स्पर्धेला दुभाषी लागतो, स्टेडियमला इलेक्ट्रिशियन लागतो, अ‍ॅपला प्रोग्रामर लागतो. पुढे फुटबॉलचा नावाजलेला कोच झालेला जोझे मोरिन्यो 1992 मध्ये स्पोर्टिंग लिस्बन क्लबमध्ये बॉबी रॉबसन या इंग्लिश कोचचा दुभाषी म्हणून गेला. कोचचं प्रत्येक वाक्य खेळाडूंना समजेल असं सांगायचं, म्हणजे कोच काय विचार करतो हे रोज आतून कळत जाणार. लिव्हरपूल क्लबने 2012 मध्ये संशोधनासाठी घेतलेले इयन ग्रॅहम भौतिकशास्त्रातले डॉक्टरेट आहेत.

आणि मायामी हीट या एनबीए टीमचा एरिक स्पोल्स्ट्रा 1995 मध्ये तिथल्या व्हिडिओ खोलीत लागला. 2008 मध्ये तो त्याच टीमचा मुख्य कोच झाला, 2012 आणि 2013 मध्ये विजेता. ही उदाहरणं देताना मला जरा धाकधूक वाटते, कारण वाचणारा लगेच स्वतःला मुख्य कोचच्या खुर्चीत बघतो. व्हिडिओ खोलीत लागलेल्यांपैकी बहुतेक जण व्हिडिओ खोलीतच चांगलं काम करतात. तेही करिअरच आहे.

तर एक कागद घ्या. डावीकडे तुम्हाला येणाऱ्या गोष्टी लिहा: हिशेब, दोन भाषा, एक्सेल, गाडी चालवणं, गर्दी हाताळणं, फोटो, लेखन, प्रथमोपचार. उजवीकडे तुमच्या वहीतली वीस कामं. रेघा जोडा. सगळ्यात जास्त रेघा जिथे जातील तिथून सुरुवात करा, मग ते काम तुमच्या स्वप्नातलं नसलं तरी.

दाखवायला एक काम तयार करा

माझा सगळा भर या पायरीवर आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

‘मला लहानपणापासून खेळाची आवड आहे’ हे वाक्य अर्ज वाचणाऱ्याने इतक्यांदा वाचलेलं असतं की त्याच्या डोळ्यांना ते दिसतच नाही. त्याऐवजी अर्जाबरोबर एक पान पाठवा, ज्यात तुम्ही कुणीही न सांगता केलेलं खरं काम आहे.

समजा अ‍ॅनालिस्ट व्हायचंय. क्रिकशीट या संकेतस्थळावर हजारो क्रिकेट सामन्यांचा चेंडूगणिक तपशील फुकट मिळतो. फुटबॉलसाठी स्टॅट्सबॉम्ब या डेटा कंपनीने काही स्पर्धांचा डेटा खुला ठेवला आहे, त्यात मेस्सीच्या ला लिगा या स्पॅनिश लीगमधल्या सामन्यांचाही आहे. डेटा उतरवला की लोक वीस आलेख काढतात. तसं करू नका. एकच प्रश्न घ्या. उदाहरणार्थ: विकेट पडल्यावर पुढच्या 12 चेंडूंत ही टीम किती धावा काढते, आणि नवा फलंदाज डावखुरा असेल तर त्यात फरक पडतो का?

आता व्याख्या आधी ठरवा, आणि लिहून ठरवा. वाइडवर आलेली धाव मोजायची का? विकेट डावाच्या शेवटच्या ओव्हरमध्ये पडली आणि 12 चेंडू उरलेच नाहीत तर ती नोंद ठेवायची की काढायची? 12 चेंडूंच्या आत दुसरी विकेट पडली तर मोजणी नव्याने सुरू करायची का? या तीन ओळी तुम्ही लिहिल्या असतील तर वाचणाऱ्या अ‍ॅनालिस्टला तिथेच कळतं की या माणसानं खरंच काम केलंय. मग मोजा, एक आलेख काढा, आणि खाली दोन वाक्यं लिहा. पहिल्यात काय दिसलं. दुसऱ्यात कोच उद्या सकाळी काय वेगळं करू शकतो. दुसरं वाक्य सुचत नसेल तर प्रश्न बदला.

नोंदी किती कमी असल्या की निष्कर्ष काढायचा नाही, हेही त्या पानावर असू द्या. ‘डावखुऱ्या फलंदाजाची फक्त 9 उदाहरणं मिळाली, त्यामुळे त्याबद्दल काही म्हणत नाही’ हे वाक्य तुमच्या सगळ्या आलेखांपेक्षा जास्त विश्वास कमावतं.

व्हिडिओचं काम शिकायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक मॅच, एक स्प्रेडशीट, चार रकाने: वेळ, घटना, मैदानातली जागा, निकाल. समजा तुम्ही फुटबॉलमधलं ‘प्रेसिंग’, म्हणजे चेंडूवाल्यावर धावून जाऊन दबाव आणणं, टिपताय. पंधरा मिनिटांचा खेळ टिपा, कागद बाजूला ठेवा, आठवड्याने तोच भाग न बघितल्यासारखा पुन्हा टिपा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा पहिल्या खेपेला 31 नोंदी होत्या, दुसऱ्या खेपेला 22. मॅच तीच, डोळे माझेच. तेव्हा कळलं की ‘प्रेसिंग’ म्हणजे नक्की काय हे मी ठरवलंच नव्हतं. चेंडूवाल्यापासून किती पावलांवर गेलं की प्रेसिंग म्हणायचं हे ठरवलं आणि पुढच्या दोन खेपांत फरक तीन-चारवर आला. ही फजिती मी नंतर एका मुलाखतीत सांगितली होती. समोरचे हसले आणि त्यानंतरचे सगळे प्रश्न त्यावरच आले.

बाकीच्या कामांचे नमुने सोपे आहेत. बातमीदारीत जायचं असेल तर शेवटच्या शिट्टीनंतर वीस मिनिटांत 300 शब्दांचा वृत्तांत लिहायचा, असे दहा सामने करा, आणि प्रत्येकावर किती वाजता पूर्ण झाला ते टाका. आयोजनासाठी एका छोट्या स्पर्धेचं मिनिटागणिक वेळापत्रक बनवा: गेट कधी उघडणार, पंच कधी पोहोचणार, पाऊस आला तर निर्णय कोण घेणार, कुणी बेशुद्ध पडलं तर अँब्युलन्स कुठल्या गेटनं येणार. प्रायोजकत्वासाठी एक प्रसारण पूर्ण बघा आणि कुठला फलक किती सेकंद स्पष्ट दिसला ते टिपा. मग एखादा फलक दोन मीटर सरकवला असता तर काय झालं असतं ते मांडा.

स्वयंसेवक व्हा, पण डोळे उघडे ठेवून

लंडनच्या 2012 ऑलिंपिकमध्ये सुमारे 70,000 स्वयंसेवक होते आणि त्यांच्यासाठी अर्ज आले होते 2,40,000 हून जास्त. म्हणजे फुकट काम करायलाही रांग. त्या रांगेत जवळजवळ प्रत्येकाला खेळाडूंच्या जवळचं काम हवं असतं. तुम्ही उलटं मागा. वाहतूक, ओळखपत्रं, सामान, निकालांची नोंद. तिथे माणसं कमी असतात, जबाबदारी लवकर मिळते आणि चुका लगेच दिसतात, म्हणून शिकणंही लवकर होतं.

छोट्या स्पर्धा त्याहून चांगल्या. मोठ्या स्पर्धेत तुम्ही तीन दिवस एका गेटवर उभे राहता. छोट्या स्पर्धेत सकाळी खुर्च्या मांडता, दुपारी स्कोअरबोर्ड सांभाळता आणि संध्याकाळी बक्षिसांची यादी वाचता.

दोन कामं मी हटकून सुचवतो.

एक, स्कोअरिंग. क्रिकेटचे स्कोअरर दोन असतात आणि दोघांच्या नोंदी जुळाव्या लागतात. पंचाने खूण केली की स्कोअररने हात दाखवून ती पोचल्याचं कळवायचं, आणि तोवर पंच पुढचा चेंडू टाकू देत नाही. हे चक्क नियमात आहे. लेग-बाय टीमच्या धावांत जातो, पण फलंदाजाच्या नाही आणि गोलंदाजाच्याही नाही. वाइड मात्र गोलंदाजाच्या खात्यावर. ओव्हर संपली की शेजारच्याशी आकडा जुळवायचा. जुळला नाही तर पुढचा चेंडू पडायच्या आत मागचे सहा चेंडू आठवून चूक शोधायची, आणि तेवढ्यात पुढचा चेंडू पडतोच. एक सीझन स्कोअरिंग केलेल्या माणसाला मी कुठलंही काम निर्धास्त देईन.

दोन, उत्तेजक चाचणीतला शापेरॉन, म्हणजे निवडलेल्या खेळाडूला चाचणीची सूचना देऊन चाचणीच्या खोलीपर्यंत त्याच्याबरोबर राहणारा. यासाठी आधी प्रशिक्षण देतात. सूचना दिल्यापासून खेळाडू क्षणभरही नजरेआड होता कामा नये. तो बक्षीस घ्यायला जाऊ शकतो, पत्रकारांशी बोलू शकतो, उपचार घेऊ शकतो, पण तुम्ही सोबत. नुकताच हरलेला, चिडलेला, घामाघूम माणूस आणि त्याच्यामागे सावलीसारखे तुम्ही. न चिडवता, न माफी मागता, सेल्फी तर अजिबात न मागता. नमुना कमीत कमी 90 मिलिलिटर लागतो आणि थकलेल्या शरीरातून तो यायला कधी कधी दोन तास लागतात. हे दोन तास शांतपणे बसता येणं ही या क्षेत्रातली फार मोठी गोष्ट आहे. वाडा, म्हणजे 1999 मध्ये स्थापन झालेली जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, तिचे अडेल नावाच्या मंचावरचे ऑनलाइन कोर्स फुकट आहेत. एका सुटीत दोन-तीन होतात.

आता डोळे उघडे ठेवण्याबद्दल. एका संस्थेत मी अख्खा सीझन ‘अनुभव मिळेल’ या बोलीवर काढला. पहिल्या महिन्यात खरंच शिकलो. नंतरचे सात महिने तेच काम करत राहिलो, कारण दर वेळी ‘पुढच्या मीटिंगमध्ये तुझं बघू’ असं ऐकायला मिळायचं. सीझन संपल्यावर त्यांनी नवा मुलगा घेतला, तोही फुकटच. चूक त्यांची होती, आणि तारीख न ठरवणारा मी होतो. म्हणून फुकट काम घ्यायच्या आधी तीन गोष्टी लेखी ठरवा: किती दिवस, कोणती कामं, आणि शेवटी काय हातात मिळणार. शिफारसपत्र असो, केलेल्या कामावर नाव असो किंवा प्रवासखर्च असो. लेखी द्यायला कां-कूं करत असतील तर तिथे उत्तर मिळालंच.

कुणाला लिहायचं, काय लिहायचं

ओळखीशिवाय या क्षेत्रात काही होत नाही असं म्हणतात. अर्धं खरं आहे. बऱ्याच जागा जाहिरातीशिवाय भरतात, कारण मॅच शनिवारी असते आणि माणूस गुरुवारी आजारी पडतो. अशा वेळी जो आठवतो त्याला फोन जातो. तुम्हाला फक्त आठवणीत राहायचं आहे.

1994 मध्ये बॉबी रॉबसन पोर्तो या पोर्तुगीज क्लबचा कोच असताना त्याच्याच इमारतीत राहणाऱ्या सोळा वर्षांच्या आंद्रे विलाश-बोआशने त्याला चिठ्ठी लिहिली. अमुक स्ट्रायकरला तुम्ही का खेळवत नाही, असा त्यात सवाल होता, आणि मुद्दे होते. रॉबसनने त्याला सराव बघायला बोलावलं. व्यावसायिक फुटबॉल कधीही न खेळलेला हा मुलगा 2011 मध्ये पोर्तोचा कोच म्हणून युरोपा लीग जिंकला आणि 2024 मध्ये त्याच क्लबचा अध्यक्ष झाला. कोचच्या इमारतीत घर मिळणं आपल्या हातात नाही. चिठ्ठीत मुद्दे असणं आहे.

तुमच्या पहिल्या संदेशाचा नमुना देतो: ‘नमस्कार मॅडम. रविवारी तुमच्या स्पर्धेत मी निकालाच्या टेबलावर स्वयंसेवक होतो. तिसऱ्या आणि चौथ्या शर्यतीच्या मधल्या वेळात निकालपत्रकं उशिरा पोहोचत होती, त्यावर एक पानाची सूचना सोबत जोडली आहे. पुढच्या महिन्याच्या स्पर्धेत निकालाच्या कामाला माणूस हवा असेल तर मी दोन्ही दिवस मोकळा आहे.’ बस्स. आयुष्याची कहाणी नको, ‘काहीही काम चालेल’ तर मुळीच नको. काहीही काम करणाऱ्याला कुठलं काम द्यायचं हे शोधण्याचं काम समोरच्यावर पडतं.

क्लबच्या अध्यक्षाला लिहू नका. तुम्हाला हवं असलेलं काम आज जो करतोय, किंवा त्याच्या एक पायरी वर जो आहे, त्याला लिहा. मॅचच्या आदल्या दिवशी पाठवू नका. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, नंतर सोडून द्या.

कोर्स करावा का?

अमेरिकेत ओहायो विद्यापीठात 1966 पासून क्रीडा प्रशासनाचं पदव्युत्तर शिक्षण आहे. फिफा मास्टर हा कोर्स 2000 पासून इंग्लंड, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांत मिळून चालतो. आता असे कोर्स जागोजागी आहेत, आणि त्यातले काही नुसते माहितीपत्रकातच चांगले असतात. पैसे भरण्याआधी संस्थेला विचारा: मागच्या बॅचमधले लोक आज कुठे आहेत, आणि त्यांच्यातल्या तिघांशी मला बोलता येईल का? शिकवणारे सध्या या क्षेत्रात काम करतात का? कोर्समध्ये खऱ्या स्पर्धेत काम करायला मिळतं का, की फक्त ‘भेट’ असते? तिघांशी बोलायला मिळालं की बाकी प्रश्नांची उत्तरं ते तिघंच देतात.

कोर्स करून झाल्यावर सुरुवात करू असं मात्र ठरवू नका. स्कोअरिंग, स्वयंसेवा, एक पानाचं काम हे कोर्सच्या आधीही होतं आणि सोबतही.

मुलाखत आणि करार

‘तुमची आवडती टीम कोणती?’ हा प्रश्न आला तर खरं ते एका वाक्यात सांगा आणि पुढे चला. दहा मिनिटं भक्तिभावानं बोलणाऱ्याला ड्रेसिंग रूमच्या आसपास ठेवायला कुणी धजत नाही. आतल्या गोष्टी बाहेर न जाणं ही इथली पहिली अट असते. दुखापत, संघनिवड, करार यांतलं काहीही घरीसुद्धा बोलायचं नाही. मुलाखतीत आधीच्या टीमचं गुपित सांगून छाप पाडायला जाल तर तिथेच बाद.

तुम्हीही विचारा. करार सीझनपुरता आहे की वर्षाचा? प्रवासाच्या दिवसांचे पैसे मिळतात का? मॅचनंतरच्या दिवशी सुटी असते का? कोच बदलला तर सपोर्ट स्टाफचं काय होतं? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण मुख्य कोच गेला की बरेचदा त्याची माणसंही जातात, आणि त्यात कामाच्या दर्जाचा काही संबंध नसतो. शनिवार-रविवार, सण, मित्रांची लग्नं हे सगळं हुकणार, हे घरच्यांना नोकरी लागण्याआधी सांगा. लागल्यावर सांगितलं की भांडण होतं.

पहिला मॅच डे

ठरल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचा. आरामात चालता येतील असे बूट, पूर्ण चार्ज केलेला फोन, पॉवर बँक, पाणी, पिशवीत काहीतरी खायला, आणि पेनं दोन. एक कुणीतरी मागून नेतंच. महत्त्वाचे नंबर कागदावरही लिहून ठेवा, कारण भरलेल्या स्टेडियममध्ये नेटवर्क दगा देतं. वॉकीटॉकी दिला तर आधी कुणाला बोलावताय ते म्हणा, मग स्वतःचं नाव, मग काम, आणि बटण सोडा. खेळाडूंचे फोटो काढू नका. न कळलेली सूचना परत विचारा. एकदा विचारलेलं कुणी लक्षात ठेवत नाही, चुकीचं केलेलं सगळे ठेवतात.

आणि मॅच संपली म्हणून लगेच निघू नका. त्यानंतरच्या तासात केबल गुंडाळल्या जातात, खुर्च्या रचल्या जातात, हरवलेल्या वस्तूंची यादी होते, आणि दिवसभर धावणारी माणसं पहिल्यांदा जरा टेकतात. एरवी ज्यांच्याशी बोलायची सोय नसते ते तेव्हा बोलतात.

त्या फायनलच्या रात्री किट मॅनेजरकडे सात बॅगा होत्या आणि बरोबर कुणी नव्हतं. माझं काम संपलेलं होतं. मी दोन उचलल्या. बसपाशी पोहोचेपर्यंत आम्ही एक शब्दही बोललो नाही. डिकी बंद करून त्यानं माझ्या गळ्यातलं कार्ड वाचलं आणि पुढच्या महिन्यात चार दिवस मोकळा आहेस का, असं विचारलं. मी हो म्हणालो. त्यानं नंबर सांगायला सुरुवात केली, आणि माझं दुसरं पेन अजून खिशात होतं.